यादी यूट्यूबची, खोली राजूरची

दसरा जवळ आला की वणी परिसरातल्या कोळसा कामगारांच्या घरांत वार्षिक बोनसचे हिशेब सुरू होतात. २०२४ मध्ये कोल इंडियाच्या कामगारांना तो ९३,७५० रुपये मिळाला होता, आणि इकडच्या खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोल इंडियाचीच उपकंपनी. कुठे गाडीचा हप्ता फेडायचा असतो, कुठे घराचे छत करायचे असते. त्यात आता कॉलेजात जाणाऱ्या पोराची एक नवी मागणी आली आहे: गेमिंग कॉम्प्युटर. तोही तयार नको, सुटे भाग आणून घरीच जोडायचा आहे. पोराच्या हातात यादीही तयार असते. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, रॅम किती, सगळे यूट्यूबवर पाहून लिहिलेले.

घरी कॉम्प्युटर जोडणे हा वायफळ उद्योग नाही. त्यातून वीज, उष्णता आणि यंत्राची रचना जेवढी कळते, तेवढी पुस्तकातून सहसा कळत नाही. शिवाय उद्या एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. तेव्हा मागणीत काही चूक नाही. चूक यादीत आहे. ती यादी वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाने केलेली असते. राजूरच्या खोलीत मे महिन्यात काय होते, याचा त्याला पत्ता नसतो.

राजूरची ओळख कोळसा आणि चुना. चुन्याच्या भट्ट्या, आजूबाजूच्या खाणी, रस्त्याने जाणारे कोळशाचे ट्रक, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारा पारा. त्यात पावसाळ्याच्या तोंडावरचा वारा-विजांचा खेळ आणि कमी-जास्त होणारा विजेचा दाब. गेमिंग कॉम्प्युटरचे शत्रू मोजायला बसले तर हेच चार निघतात: उष्णता, धूळ, ओलावा आणि बिघडलेली वीज. म्हणून इथल्या माणसाने भाग निवडताना क्रम उलटा लावायला हवा. आधी वीज आणि हवा, मग वेग.

उष्णतेचे गणित साधे आहे. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, जवळपास तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. रायझन ५ ५६०० हा ६५ वॅट गटातला प्रोसेसर आणि ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० कार्ड घेतले, तर बाकीचे भाग आणि मॉनिटर धरून खेळताना अडीचशे वॅटच्या आसपास वीज लागते. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत खेळणाऱ्याशिवाय आणखी दोन-तीन माणसे येऊन बसल्यासारखे झाले. याच जागी ४५० वॅटचे आरटीएक्स ४०९० घेतले, तर त्या एका कार्डामुळे चार-पाच माणसांची भर.

पंखा ही उष्णता नाहीशी करत नाही, फक्त हलवतो. माणसाला पंख्याखाली बरे वाटते, कारण घाम वाळतो. प्रोसेसरला घाम येत नाही. तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत जे कार्ड ७० अंशांवर चालते, तेच बेचाळीस अंशांच्या खोलीत ८७ च्या आसपास जाते. रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. मर्यादा जवळ आली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. महागडी चिप घेऊन तिला उन्हाळाभर हळू चालवायचे, यात शहाणपण कुठले? म्हणून कमी वॅटचे कार्ड, प्रोसेसरसोबत येणाऱ्या छोट्या कूलरऐवजी एक बरा कूलर, आणि समोरून भरपूर हवा घेणारे कॅबिनेट ही निवड इथे शोभते. समोर पूर्ण काच आणि आत रंगीबेरंगी दिवे असलेले कॅबिनेट फोटोत छान दिसते, पण काचेतून हवा येत नाही.

दुसरा मुद्दा एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना पचेल अशी करून देणाऱ्या पेटीचा. पैसे कमी पडले की पहिली काटछाट इथेच होते, आणि महागात पडते तीही हीच. या पेटीवर ‘८० प्लस’चा शिक्का पाहून लोक निश्चिंत होतात. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, आणि त्याची चाचणी साधारण २३ अंश तापमानात होते. राजूरमध्ये हे तापमान हिवाळ्यात मिळते. पेटीतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणून कपॅसिटर १०५ अंशांच्या दर्जाचे आहेत का, आणि पेटीची पूर्ण क्षमता ४० ते ५० अंशांवर मोजलेली आहे का, हे पाहावे. अडीचशे वॅटच्या यंत्राला नामांकित बनावटीची ५५० वॅटची पेटी पुरते. नाव नसलेली ‘७५० वॅट’ची स्वस्त पेटी मात्र जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाऊ शकते.

पेटी कितीही चांगली असली तरी घरात अर्थिंग हवेच. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते, ही तक्रार जुन्या वायरिंगच्या घरांत नेहमी ऐकू येते. एसएमपीएसमधली गाळणी थोडीशी वीज तिसऱ्या पिनेतून जमिनीत सोडते. तिसरी पिन कुठेच जोडलेली नसेल, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी म्हणून फक्त मुंग्या येतात. पण ज्या दिवशी आत खराखुरा बिघाड होईल, त्या दिवशी त्या विजेला जमिनीत जायला एकच वाट उरेल, पत्र्यावर ठेवलेल्या हातातून. ग्राफिक्स कार्डात एक पायरी खाली उतरून वाचलेल्या पैशांत वायरमन बोलावून अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेणे, हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत मोलाचा खर्च. त्याचा फायदा वॉशिंग मशिनला होतो आणि घरातल्या प्रत्येकाला होतो. आणि विजा कडाडू लागल्या की प्लग काढावा, इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी. विजेचा झटका त्या वाटेनेही येतो.

आता धूळ. भट्टीत चुनखडी भाजून निघालेला चुना ओलावा पटकन ओढतो. उन्हाळ्यात घराघरांत लावलेला कूलर बाहेरची हवा ओलसर करून आत ढकलतो. ही दमट हवा आणि चुन्याची, कोळशाची बारीक धूळ एकत्र आली की कॅबिनेटमधल्या पंख्यांवर आणि पत्र्यांवर चिकट थर बसतो आणि हळूहळू घट्ट होतो. उपाय महाग नाहीत. हवा आत घेणाऱ्या प्रत्येक पंख्यासमोर काढून धुता येणारी जाळी असावी. आत ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त असावेत, म्हणजे फटींमधून धूळ ओढली जात नाही. कॅबिनेट जमिनीवर किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. साफसफाई महिन्याला करावी. प्लग काढून, अंगणात, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून. फुंकलेली धूळ कॅबिनेटमधून निघून छातीत आणि डोळ्यांत जाणार असेल, तर काय साधले?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. पोराला गेम खेळायचा आहे आणि सल्ला मिळतो आहे अर्थिंगचा! मित्राकडे मोठे कार्ड असेल, त्याच्याकडे ते नसेल, ही खंत खोटी नाही. पण ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी बदलता येते, पेटी आणि कॅबिनेट बरे असेल तर त्याच यंत्रात. आज कार्डावर सगळे पैसे ओतून कच्ची पेटी घेतली, तर उद्या दोन्ही जाऊ शकतात. वेग थोडा कमी करूनही खेळ बिघडत नाही. मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रे दाखवत असेल, तर कार्डाला दीडशे चित्रे काढायला लावून फक्त खोली तापते. सेटिंगमध्ये ही मर्यादा घालायला एक रुपया लागत नाही.

आणि या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग यादीत नसतोच. तो खुर्चीत बसलेला असतो. झोप लागायला शरीराचे तापमान थोडे उतरावे लागते. रात्री बारापर्यंत अडीचशे वॅटने तापवलेल्या बंद खोलीत ते उतरत नाही. त्याच खोलीत धाकटी बहीण किंवा आजी झोपत असेल, तर तिचीही झोप जाते. मे महिन्यात खेळ पहाटे किंवा सकाळी व्हावा, पाण्याचा तांब्या शेजारी असावा, मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला यावी. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, लहानांसाठी ७५. बंदुकांच्या आवाजाचे खेळ ती सहज ओलांडतात.

बोनस दसऱ्याला येतो, तेव्हा हवा बरी असते आणि नवा कॉम्प्युटर कुठलाही असो, पहिल्या दिवशी सुरेखच चालतो. त्याची परीक्षा सात महिन्यांनी असते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी बापाने आणि पोराने ती यादी घेऊन एकदा त्या खोलीत बसावे. कूलर कुठे आहे, खिडकी कुठल्या दिशेला आहे, तिसरी पिन कुठे जाते आणि इथे रात्री कोण झोपते, एवढे पाहावे. यादीतल्या दोन-तीन ओळी तिथेच बदलतील.