जुंपलेला बैल कोणी विकत नाही

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते आणि गुरांचा मोठा बाजार लागतो. त्या बाजारात शेतकरी कोणता बैल नेतो? जो नुसता दावणीला उभा राहून पेंढा खातो, तो. ज्याच्यावर चिखलणी व्हायची आहे, जो रोज जुवाखाली आहे, त्याला तो अडचणीतही विकत नाही. आधी कणगीतलं भात काढतो.

आपलं शरीर असाच संसार करतं. पोटावरची चरबी म्हणजे कणगी आणि हातापायांचे स्नायू म्हणजे बैल. आपण जेवण कमी केलं की शरीराला वाटतं, घरात टंचाई आली. मग स्नायू जुंपलेला नसेल, तर ते दोन्हीकडून खर्च भागवतं. नुसतं कमी खाऊन वजन घटवलं, तर घटलेल्या चार किलोंतला साधारण एक किलो चरबीचा नसतोच. आपल्याला कणगी रिकामी करायची आहे आणि बैल राखायचा आहे. शहापूर-मुरबाडच्या माझ्या लोकांना मला एवढंच कळकळीनं सांगायचं आहे.

हे मी स्वतः चूक करून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याचे दोन महिने काकडी, चहा आणि मूठभर भातावर काढले. आठ किलो उतरले. सगळे म्हणाले, बारीक झालास. आवणी लागली तेव्हा आवणाच्या मुठींनी भरलेली पाटी उचलायला वाकलो आणि मांड्या थरथरायला लागल्या. बांधावर पाटी टेकवून उभा राहिलो. गाल बसले होते, दंड सैल पडले होते, पोट मात्र थोडंच आत गेलं होतं. दिवाळीपर्यंत सगळं वजन परत आलं.

आपल्याकडे पोट का सुटतंय, हे कुणी वेगळं सांगायला नको. पूर्वी राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत अंग कामाला असायचं. आता चिखलणीला पॉवर टिलर आहे आणि बाजाराला जायला मोटारसायकल. आसनगाव, आटगाव, खर्डीहून पहाटेची लोकल धरणारा माणूस दिवसभर खुर्चीवर बसतो आणि रात्री उशिरा जेवतो. काम बदललं, पण ताटातला भाताचा ढीग आजोबांच्या वेळचाच राहिला.

त्यातून आपल्या अंगाची घडणही जपून राहावं अशीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची आणि वजनाचा हिशेब मांडला तर दोघांचा आकडा एकच, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं मांसाने कमी होती, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे काटा ‘ठीक आहे’ म्हणत असतानाही आपल्या पोटात चरबी साठलेली असू शकते. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो, त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणून काट्याआधी सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीइतकी मापा, कापा आणि मधोमध दुमडा. आता श्वास सोडून, पोट आत न ओढता, ही दुमडलेली सुतळी बेंबीवरून कमरेला गुंडाळा. टोकाला टोक भिडलं तर बरं आहे. मध्ये फट राहिली, तर तेवढी कणगी जास्त भरली आहे. टेपने मोजायचं तर पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८०च्या आत हवी.

आता बैल जुंपायचा. हायवेच्या कडेने पहाटे चालणारे पुष्कळ दिसतात आणि ते चांगलंच आहे. हृदयाला, साखरेला त्याचा फायदा होतो. पण चालण्याने दंड, खांदे, पाठ यांना ओझं मिळत नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा तास वजनाचं काम करा. जिम लागत नाही. उठाबशा काढा, गुडघे दुखत असतील तर खाटेवरून हात न टेकता उठा-बसा. जोर मारा, जमिनीवर जमत नसतील तर आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकून मारा. पाण्याचा १० लिटरचा कॅन म्हणजे १० किलो. तो कंबर सरळ ठेवून उचला, वाकून पोटाकडे ओढा, दोन हातांत दोन घेऊन अंगणात फेऱ्या मारा. प्रत्येक काम ८ ते १२ वेळा, असे तीन फेरे. प्रत्येक फेऱ्यातल्या शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. १२ वेळा सहज व्हायला लागलं की ओझं वाढवा. न वाढणाऱ्या ओझ्याला अंग सरावतं आणि तिथेच थांबतं.

जुंपलेल्या बैलाला पेंड लागते, तशी स्नायूला प्रथिनं लागतात. वजन उतरवताना दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. ६५ किलोच्या माणसाला ७८ ग्रॅम झाली. ती आपल्याच चुलीवर मिळतात. सकाळी दोन अंडी आणि नाचणीची भाकरी, १६ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम कोरड्या वालाची किंवा कुळथाची घट्ट उसळ, थोडा भात, वाटीभर दही, २१. चार वाजता मूठभर हरभरे, ६. रात्री २५ ग्रॅम सुकट, घट्ट वरण आणि भाकरी, २६. झोपताना कपभर दूध, ६. एकूण ७५, म्हणजे जवळपास पोचलोच. सुकट नीट धुऊन घ्या, मीठ उतरतं. रक्तदाब असेल तर सुकटीऐवजी ताजी मासळी किंवा कोंबडी बरी. श्रावणात किंवा माळकऱ्यांच्या घरी सोयाबीनच्या वड्या आणा. ३० ग्रॅम वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. डब्यातली महाग पावडर यासाठी लागत नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी मिळेल तेवढी ताटात घ्या. पोट भरतं आणि भूक आवरते.

मग कमी काय करायचं? शिजलेल्या भाताची एक वाटी म्हणजे साधारण २०० कॅलरी. दुपारची एक वाटी कमी करा. दिवसात चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी. साखर निम्मी करा. स्टेशनवरचा संध्याकाळचा वडापाव सोडा आणि खिशात हरभरे ठेवा. दारूत पोषण काही नाही, कॅलरी मात्र भरपूर आहेत. एवढ्यात रोजच्या ४०० ते ५०० कॅलरी सहज वाचतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं की समजा गाडी रुळावर आहे. महिन्यात दहा किलोचं आश्वासन देणारा तुमचा बैल विकायला निघाला आहे.

झोपही यातच आली. २०१० साली शिकागोत एक छोटा प्रयोग झाला. त्याच माणसांना तेवढंच अन्न दिलं, फक्त काही दिवस झोप साडेआठ तासांवरून साडेपाचावर आणली. वजन तेवढंच उतरलं, पण चरबी निम्म्याहूनही कमी गेली आणि मांस जास्त गेलं. पहाटेची लोकल धरणाऱ्यांनो, रात्री मोबाइल लवकर ठेवा.

बायांना वेगळं सांगायचं आहे. भातसा, तानसा उशाला असूनही आपल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात डोक्यावर हंडा येतो. हंडे वाहणाऱ्या बाईला व्यायाम सांगायला मला तोंड नाही. तिला मी खायलाच सांगेन. सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपात रस्सा उरतो आणि ती रस्सा-भातावर उठते. तसं करू नका, ताई. उसळीतली आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवा. आणि घरातल्या पुरुषांनो, ती काढली की नाही ते बघा.

ज्यांच्या ताटात मुळातच कमी आहे, त्यांनी यातलं एकही कमी करायचं नाही. वाढती मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनीही वजन उतरवायला जाऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तिशी ओलांडलेल्या सगळ्यांनी जवळच्या उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तपासणी मोफत आहे.

आज रात्री जेवणाआधी ती सुतळी काढा. फट किती राहते ते बोटांनी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. त्याखाली लिहा, एका दमात उठाबशा किती झाल्या. दोन महिन्यांनी दोन्ही आकडे पुन्हा बघा. बोटं कमी झाली आणि उठाबशा वाढल्या, तर काटा काहीही म्हणो, कणगी उतरली आहे आणि बैल गोठ्यात आहे.