जुन्या विहिरींचा हिशेब आधी

हायड्रोजन जमिनीखाली साठवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "खडकातून निसटणार नाही का हो?" तेलविहिरींचं सिमेंटिंग करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि मला खडकाची काळजी सगळ्यात कमी वाटते. रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रावर लाखो वर्षं वायू धरून ठेवलेलं झाकण आहे ते. भोकं पाडली ती आपण.

ऑस्ट्रियात रुबेन्सडॉर्फला 'आरएजी' ही कंपनी 2023 पासून रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्राच्या वालुकाश्मात शुद्ध हायड्रोजन भरते आहे. उन्हाळ्यातल्या सौरविजेवर बनवायचा, हिवाळ्यात काढायचा. क्षमता 4.2 गिगावॅट-तास, म्हणजे सुमारे 12 लाख घनमीटर. तशी चिमूटभरच. पण त्याआधी त्यांनी दुसऱ्या एका क्षेत्रात नैसर्गिक वायूत 10 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळून पाहिला होता. घाई नाही, हे मला आवडलं.

अडचणी आहेतच. तितक्याच दाबाला, तितक्याच जागेत हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या साधारण एक तृतीयांश ऊर्जा मावते. दाब टिकवायला काही वायू कायमचा खालीच ठेवावा लागतो. शिवाय खालचे जिवाणू हायड्रोजन खाऊन मिथेन किंवा हायड्रोजन सल्फाइड करतात. तरी माझं बोट विहिरींवरच.

कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यनला जुन्या तेलक्षेत्रात नैसर्गिक वायू साठवतात. ऑक्टोबर 2015 मध्ये तिथली 1950च्या दशकातली एक विहीर फुटली. केसिंग, म्हणजे विहिरीतला पोलादी पाइप, बाहेरून गंजलं होतं. तळाचा सेफ्टी व्हॉल्व्ह 1979 मध्येच काढलेला, नवा बसवलाच नव्हता. फेब्रुवारीत विहीर बुजेपर्यंत सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. खडक जागच्या जागी होता.

केसिंगमागचं सिमेंट कसं आहे ते बाँड लॉग सांगतो. पाइपात सोडलेलं उपकरण आवाज करतं. मागे सिमेंट घट्ट धरलेलं असेल तर पाइप मुका राहतो, कागदावरची रेघ डावीकडे पडून असते. सिमेंट नसेल तिथे पाइप घंटेसारखा वाजतो आणि रेघ उजवीकडे उसळते. अशी रेघ पाहिली की रात्रपाळी लांबलीच म्हणून समजा. हा लॉग विहीर बांधताना घेतात. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी पाइपामागे काय उरलंय, हे सहसा कुणी विचारत नाही.

आपलं उद्दिष्ट 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजनचं आहे. रिफायनरी आणि खत कारखान्यांना तो रात्रंदिवस लागणार, ऊन मात्र दिवसाच. साठा हवाच. मुंबई हायचं नाव कुणी काढेल, पण तिथून अजून तेल निघतंय, शिवाय मधे समुद्र. गुजरातची जमिनीवरची क्षेत्रं सोयीची. त्यातही तेलापेक्षा वायूची बघा, कारण उरलेल्या तेलातून हायड्रोजन स्वच्छ परत येत नाही. अंकलेश्वरला तेल लागलं 1960 मध्ये. तिथल्या काही विहिरी माझ्या वयाच्या आहेत, आणि माझे सांधे कसे आहेत ते मला ठाऊक आहे.

म्हणून कॉम्प्रेसरच्या निविदेआधी निवडलेल्या क्षेत्रातल्या प्रत्येक विहिरीचा लॉग नव्याने घ्या, आणि निकाल शेजारच्या ग्रामपंचायतीला गुजरातीत वाचता येईल असा द्या. कागदोपत्री बुजवलेल्या विहिरीही त्यात धरा. त्या आधी शेतात शोधाव्या लागतील.