दिल्ली हाताने पाहताना

दृष्टिबाधित व्यक्तीच्या सहलीची आखणी करताना पहिला प्रश्न विचारायचा तो तिला किती आणि कसे दिसते हा. पूर्ण अंध व्यक्तींपेक्षा अल्पदृष्टी असलेल्यांची संख्या मोठी असते, पण गटसहलीत त्यांचाच विसर पडतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्याला तिन्हीसांजेनंतर वाट दिसेनाशी होते; किल्ल्यातला रात्रीचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम तो आनंदाने ऐकेल, परतताना मात्र त्याला सोबतीचा हात लागेल. मध्यदृष्टी गेलेल्याला पाटी वाचता येत नाही, तरी कडेच्या नजरेने तो मोकळ्या जागी सहज फिरतो. दुपारच्या उन्हात संगमरवर डोळ्यांवर येतो, तर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पायरी आणि जमीन यांतला फरक पुसला जातो. म्हणून अल्पदृष्टी असलेल्यांसाठी दिल्लीत ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस बरे, तेही सकाळचे.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या गटाने खर्चाचा हिशेब गाडीपासून करावा. पूर्ण अंध प्रवाशाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के, प्रथम व द्वितीय वातानुकूलित वर्गात ५० टक्के, तर राजधानीच्या तृतीय वातानुकूलित वर्गात २५ टक्के सवलत मिळते. सोबतच्या एका व्यक्तीलाही तितकीच सवलत आहे. राजधानीत वाचणाऱ्या वेळासाठी किती जास्त मोजायचे, हे प्रवाशाने स्वतः ठरवावे. सवलतीच्या ओळखपत्राचे काम मात्र तिकिटाच्या बरेच आधी उरकलेले असावे. विमानाने जाणाऱ्याने लागणारी मदत ४८ तास आधी कळवावी आणि ती नेमक्या शब्दांत सांगावी. नाहीतर चालता येणाऱ्या माणसापुढेही चाकाची खुर्ची येऊन उभी राहते. ती नाकारून सोबत्याच्या कोपराला धरून चालत जायला शिकवणे हे अंध व्यक्तीला वावरायला शिकवणाऱ्या चलनप्रशिक्षकाचेच काम आहे.

दिल्लीत खरी अडचण स्पर्शाची आहे. जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात मात्र २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे स्पर्शदालन सुरू झाले. संग्रहातील २२ वस्तूंच्या प्रतिकृती तिथे हाताळता येतात, सोबत ब्रेल फलक आणि ध्वनिवर्णन आहे. संग्रहालय सोमवारी बंद असते. या दालनाला घाईचा अर्धा तास देणे अन्यायाचे आहे, कारण हाताने पाहणे तुकड्यातुकड्याने होते आणि ते तुकडे जुळवून मनात पूर्ण आकृती उभी राहायला वेळ लागतो. माहिती सांगणाऱ्याने आधी माप सांगावे. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची, म्हणजे साधारण तळहाताएवढीच आहे. हे न सांगता तिच्या ऐटीचे वर्णन केले, तर ऐकणाऱ्याच्या मनात माणसाएवढा पुतळा उभा राहतो.

कुतुबच्या आवारात याच्या उलट अनुभव येतो. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या लोहस्तंभाभोवती १९९७ मध्ये कुंपण घातले गेले. हातांच्या घामाने लोखंडाची झीज होते, त्यामुळे कुंपण योग्यच आहे. पण त्याने डोळस पर्यटकाची फक्त पाठ टेकून स्तंभाला कवेत घेण्याची प्रथा गेली. अंध पर्यटकाचा अख्खा स्तंभच गेला. अशा प्रत्येक कुंपणालगत हाताळण्याजोगी प्रतिकृती असलीच पाहिजे. तोवर प्रशिक्षकाने तयारीनिशी जावे. मिनाराच्या पहिल्या मजल्यावर गोल आणि कोनदार पन्हळी आलटून पालटून येतात, दुसऱ्यावर फक्त गोल, तिसऱ्यावर फक्त कोनदार. हे तीन मजले मातीत किंवा घडी घातलेल्या पुठ्ठ्यावर आदल्या रात्री दाखवता येतात. ७२.५ मीटर उंची नुसती सांगून कळत नाही. तेवढे अंतर आवारात चालून दाखवावे.

कानाला आणि नाकाला दिल्ली भरभरून देते. खारी बावलीत मिरचीच्या ठसक्यातून पुढे गेल्यावर वेलदोड्याचा वास येतो. गुरुवारी संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्यात कव्वाली असते. उग्रसेनच्या बावडीत एकेक पायरी उतरताना रस्त्याचा गोंगाट मागे पडत जातो आणि खोली पायांना व कानांना कळते. सईद-उल-अजायब इथले पंचेंद्रियांचे उद्यान दमलेल्या दिवशी ठेवावे. कव्वाली आणि मसालाबाजार एकाच दिवशी ठेवू नयेत. सतत ऐकत आणि अंदाज घेत चालणाऱ्या माणसाचा थकवा पायांच्या आधी डोक्यात साठतो.

कायद्याचे पाठबळ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम २९ मध्ये संस्कृती आणि मनोरंजनाचा हक्क सांगितला आहे, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी खटल्यात सुगम्यतेचे निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्यास केंद्राला सांगितले. दिल्लीतच २०१६ मध्ये नेहा अरोरा यांनी ‘प्लॅनेट एबल्ड’ ही दिव्यांगांसाठी सहली काढणारी संस्था सुरू केली. त्यांचे वडील अंध आणि आई चाकाची खुर्ची वापरणारी.

सहलीतला किमान अर्धा दिवस प्रवाशाच्या एकट्याच्या वाट्याला यावा. त्यासाठी मेट्रो सोयीची आहे: फलाटापर्यंत स्पर्शपट्टी, डब्यात प्रत्येक स्थानकाची घोषणा, लिफ्टमध्ये ब्रेल बटणे. कुठे उतरायचे, काय खायचे, किती वेळ थांबायचे हे त्याने ठरवावे. प्रशिक्षकाने ठरल्या वेळी ठरलेल्या दारापाशी उभे राहावे.