खरं का वो?



परवा दुपारी आम्ही सहाजणी सामायिक करून उठत होतो. 48 मिनिटं पूर्ण झाली, पाठ झाला, आसनांच्या घड्या घालणं चाललं होतं. एकीच्या तोंडावरची मुहपत्ती अजून सुटलीसुद्धा नव्हती. तशीच ती म्हणाली, "सूरज चव्हाणचे सगळे पैसे उडाले म्हणे. खरं का वो?"

झालं. पिशव्यांतले फोन बाहेर आले. एकीनं क्लिप लावली, दुसरीनं आकडा सांगितला, तिसरीनं तो दुप्पट केला. मग गाडी निक्की तांबोळीवर गेली, ती आठवड्याला किती घेत होती, तिचं नि अरबाजचं पुढं काय झालं. वीस मिनिटं! सामायिकात मन इतकं एकाग्र झालं असतं तर आमचं कल्याण झालं असतं.

मी राग राग करते असं वाटेल, म्हणून आधी माझं सांगते. 'बिग बॉस मराठी'चा पाचवा हंगाम मी अख्खा पाहिला आहे. 28 जुलै 2024 ला सुरू झाला, 6 ऑक्टोबरला संपला, 70 दिवस. आपली जेवणं सूर्यास्ताआधी होतात, रात्री नऊला ओटासुद्धा पुसून झालेला असतो. या कार्यक्रमासाठी आपल्याइतक्या मोकळ्या बाया महाराष्ट्रात दुसऱ्या नसतील. तो काळ चातुर्मासाचा. पर्युषणाचे आठ दिवस मी टीव्ही लावला नाही, आणि नवव्या दिवशी सगळ्यांना खमावून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा, की मधे कोण बाहेर गेलं? निक्की वर्षा उसगांवकरांना टाकून बोलली तेव्हा मी तिच्या नावानं बोटं मोडली, आणि रितेश देशमुखनं तिला झापलं तेव्हा मला बरं वाटलं. सूरज जिंकला तेव्हा तर डोळ्यांत पाणी आलं. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा पोरगा, आईबाप लहानपणी गेलेले, बहिणींनी वाढवलेला, धड वाचता येत नाही. त्याच्या हातात ट्रॉफी पाहून कोणाला बरं वाटलं नाही?

तेव्हा पाहण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी दाखवलं, आपण पाहिलं. माझं भांडण आहे ते पुढच्या गोष्टीशी. कार्यक्रम संपला, तरी आपण त्यांच्या तिजोरीपाशी बसून आहोत, त्याच्याशी.

आधी त्या आकड्याचंच घ्या. सूरजला बक्षीस 14 लाख 60 हजार. आपल्या बायका म्हणतात, "पंधरा लाख मिळाले, केले काय?" माझा मुलगा दुकानाचे कर भरायचं काम पाहतो, त्यानं कागदावर मांडून दाखवलं. अशा बक्षिसावर सरळ 30 टक्के कर, त्यावर 4 टक्के उपकर. आपल्याला पगारावर किंवा धंद्यावर सूट मिळते तशी इथं काही नाही. म्हणजे 4 लाख 55 हजार 520 रुपये सरकारचे. हातात उरले 10 लाख 4 हजार 480. एवढ्यात गावाकडं स्लॅबच्या दोन-तीन खोल्या, संडास-बाथरूम, नि फरशी निघाली तरी खूप. घर बांधलेल्या बाईला हा हिशेब दुसऱ्यानं समजवायला नको. पण क्लिपमधल्या माणसानं पंधरा म्हटलं, की आपण पंधरा धरतो, आणि 'उडाले' म्हटलं की उडाले.

बाकीचे आकडे तर आणखी हवेतले. अमकी आठवड्याला इतके लाख घेते, तमक्याला सगळ्यांत जास्त. तो करार वाहिनी आणि त्या माणसाच्या मधला. तो कागद तुम्ही पाहिला? मी पाहिला? क्लिप करणाऱ्यानं तरी पाहिला? त्याला मात्र तुमच्या प्रत्येक बघण्याचे जाहिरातीतून पैसे मिळतात. म्हणजे सूरज कफल्लक झाला की नाही ते जाऊ द्या, तो कफल्लक झाल्याचं सांगणारा कमावतो आहे, आणि त्याची कमाई आपण सामायिकाच्या आसनावरून करून देतो आहोत.

त्या पोराचं घर घ्या. जिंकल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याला घर बांधून द्यायचं कबूल केलं, ते पेपरात आलं. घर झालं नव्हतं तेव्हा आपण म्हणालो, "बघा, जिंकूनही तसाच राहतो." घर झालं, फोटो आले, तेव्हा म्हणालो, "दुसऱ्यानं दिलेलं, त्यात याचं काय?" केदार शिंदे यांनी त्याला घेऊन 'झापुक झुपूक' काढला, तो 25 एप्रिल 2025 ला लागला. त्याआधी आपण म्हणत होतो की यानं कोटी छापले. नंतर म्हणालो, संपला आता हा. त्याचं लग्न झालं तेव्हा आपण पाहुणे मोजले, दागिने मोजले. गरीब राहिला तरी चुकला, सुधारला तरी चुकला. मला सांगा, हेच आपण कुठल्या मोठ्या घरच्या नटाबद्दल बोललो का? त्यांच्याकडं पैसा असणं आपल्याला साहजिक वाटतं. मोढव्याच्या पोराकडं आला की आपल्याला वाटतं, हा टिकणार नाही, आणि टिकला तर आपण जरा नाराजच होतो. हे लिहायला मला लाज वाटते, पण आहे हे असं.

आपल्या वऱ्हाडातलं उदाहरण आठवा. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायच्या, महिना 1500 रुपये. 2019 ला 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी जिंकल्या. बाईनं ज्ञानावर जिंकले, कोणाशी भांडून नाही. आणि त्या हिवाळ्यात एका लग्नात आम्ही ताटावर बसून काय बोललो? "आता नवरा ऐकतो का तिचं?" "नातेवाईक उठून बसले असतील दारात." त्यांनी कोणती उत्तरं दिली ते ताटावर एकीलाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

आणि मोतिहारीचा तो सुशील कुमार, 2011 मध्ये पाच कोटी जिंकलेला. त्यानं 2020 मध्ये स्वतःच फेसबुकवर लिहिलं की पैसा आल्यावर लोकांनी त्याला किती फसवलं, व्यसनं कशी लागली, घरात खटके कसे उडाले. त्यातच एक गोष्ट आहे. एका पत्रकाराचा फोन आला, काहीतरी प्रश्न विचारला, याला राग आला. चिडून म्हणाला, पैसे संपले, दोन गाई आहेत, दूध विकून पोट भरतो. ती बातमी देशभर झाली! कार्यक्रमांची बोलावणी थांबली. चिडून बोललेलं एक वाक्य, आणि पाच कोटींचा माणूस सगळ्यांच्या तोंडी गवळी झाला. नंतर तो परीक्षा देऊन शिक्षक झाला. ती बातमी आपल्या किती ग्रुपांवर आली? आमच्या तरी नाही आली.

आता तुम्ही म्हणाल, भाभी, एवढं काय त्यात, आपण बोललो म्हणून सूरजच्या घरातला दाणा कमी होतो का? तो कुठं, पिंपळगाव राजा कुठं.

नसेल होत. पण जी जीभ तिथं चालते ती इथंही चालते. आणि ती इथं चालली की काय होतं हे मी पाहिलं आहे.

आमचं बी-बियाणं, खताचं दुकान. ज्यांच्याकडं हा धंदा आहे त्यांना ठाऊक आहे, पाऊस लांबला की काय होतं. त्या वर्षी दुबार पेरणी झाली. बियाणं दोनदा गेलं, दोन्ही वेळा उधारीवर. वसुली अडकली, पण अडकली म्हणजे बुडाली नाही, दिवाळीनंतर कापूस निघाला की येते. त्याच महिन्यात सासऱ्यांनी खामगावचा प्लॉट विकला, नणंदेच्या लग्नासाठी. ते दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. पण व्यवहार झाला त्याच्या चौथ्या दिवशी एका हळदीकुंकवाला एकीनं दुसरीला विचारलं, "त्यांनी प्लॉट काढला म्हणे. दुकान अडचणीत आहे, खरं का वो?"

कोणी खोटं बोललं नाही, हे लक्षात घ्या. सगळ्यांनी फक्त विचारलं. दुसरीनं घरी नवऱ्याला विचारलं, त्यानं दुकानात शेजाऱ्याला विचारलं. विचारता विचारता आठ दिवसांत गावभर झालं. आमच्याकडं विश्वासानं पैसे ठेवणारी पाच घरं होती. एकेक करून आले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, आणि उठताना म्हणाले, "जरा गरज होती." मालवाल्यानं निरोप धाडला की यापुढं माल रोखीनं. जो धंदा अडचणीत नव्हता तो पंधरा दिवसांत खरोखर अडचणीत आला. सासूबाईंनी हातातल्या पाटल्या काढून यांच्या हातात दिल्या. खामगावच्या बाजारात त्या मोडल्या त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, उपवास आहे म्हणाल्या. तिथी कोणतीच नव्हती.

सगळ्यांचे पैसे परत केले. नणंदेचं लग्नही झालं. पण तिच्या सासरी पहिली दोन वर्षं तिला ऐकावं लागलं, की तुमच्या बापाचं बसलं होतं ना.

आपण व्यापारी घरातल्या बाया. आपल्या घरात सोनं-चांदी नंतर, आधी पत. आणि ती पत तोंडावर उभी असते, लोकांच्या तोंडावर. हे आपल्याला कळत नसेल तर कोणाला कळायचं?

म्हणून त्या क्लिपांच्या वर मोठ्या अक्षरात प्रश्न आणि प्रश्नचिन्ह दिसलं, की मला ते हळदीकुंकू आठवतं. तीच रीत. ठाम बोलायचं नाही, म्हणजे जबाबदारी नाही. नुसतं विचारायचं. उत्तर ऐकणाऱ्यानं स्वतः भरायचं, आणि माणूस वाईटच भरतो.

आपल्याकडं याला नावं आहेत. आधार नसताना दोष लावणं ते अभ्याख्यान, चहाडी ते पैशुन्य, दुसऱ्याची निंदा तो परपरिवाद. रोज संध्याकाळी अठरा पापस्थानकांत आपण ही तिन्ही नावं घडाघडा म्हणतो आणि घरी येऊन फोन उघडतो. सामायिकाचे 32 दोष पाठ असलेल्यांनी वाणीच्या दहांत विकथा येते का ते आठवून पाहावं. दुसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत तर कोणाची गुप्त गोष्ट उघडी करणं स्पष्ट सांगितलं आहे, आणि ती गोष्ट खोटीच असली पाहिजे असं तिथं म्हटलेलं नाही. मग निक्कीचं कोणाशी जमलं नि कोणाशी मोडलं, हे खरं असलं तरी आपल्या कामाचं कसं?

परिग्रहाचंही बोलते. आपल्यातल्या कित्येकींनी साड्यांची मर्यादा घेतली आहे, सोन्याची घेतली आहे. मी स्वतः घेतली आहे. पण दुसऱ्याचं मोजायची मर्यादा घेतलेली बाई मला भेटायची आहे.

एक भाभी मला म्हणाली, "ते पैशासाठीच तर आत गेले. जान्हवी किल्लेकर नऊ लाखांची बॅग उचलून सरळ बाहेर आली. सगळ्यांच्या देखत उचलली, मग आपण का बोलू नये?" बोला ना. देखत जे झालं त्यावर बोला. तिनं बॅग घेणं शहाणपणाचं होतं की नाही यावर मी तासभर वाद घालीन, माझ्या मते होतं. जिंकायची खात्री नसताना हातातले नऊ लाख सोडणं मला तरी जमलं नसतं. पण ती बॅग घरी गेल्यावर त्यातून काय आणलं, कोणाचं कर्ज फेडलं, नवरा काय म्हणाला, हे दाराच्या आतलं झालं. आपण आपल्या दाराला पडदा लावतो तो कशाला?

परवा त्या बाईला मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हणाली, "क्लिप आली." "ती कोणी पाठवली?" जावेनं. "जावेला?" ते ठाऊक नाही. "सूरजचं पासबुक कोणी पाहिलं का?" सगळ्या हसल्या, तिचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, कारण मनानं वाईट बाई नाही ती. आमच्यावर वेळ आली तेव्हा दुपारचा डबा घेऊन येणाऱ्या दोघींपैकी ती एक. मी तिला बाजूला घेऊन तेही बोलले. ती गप्प राहिली, मग मुहपत्ती सोडून घडी घालत म्हणाली, "मग बोलायचं तरी काय वो भाभी, रोज रोज?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात काकीजी आतून ओरडल्या, मुगाचं पीठ भिजवून झालंय, पापड लाटायला कोण कोण येणार. आम्ही सहाहीजणी उठलो. संध्याकाळपर्यंत बाराशे पापड झाले, आणि बोलणं सगळं कोणाचा पापड फाटतो यावर. माझेच जास्त फाटले.