सुट्टीत आजोबांचा दाखला शोधा

परीक्षा आटोपल्या की कॉलेजची मुले मला एकच प्रश्न विचारतात, "सर, सुट्टीत काय करू?" कोणी इंग्रजी बोलण्याचा क्लास लावतो, कोणी टॅली शिकतो, कोणी चाचांच्या दुकानात बसतो. हे सगळे चांगलेच आहे. मी मात्र त्यांना आधी उलट विचारतो, "तुझ्या आजोबांचा शाळेचा दाखला घरात आहे का?" मुले हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या एका कागदापायी माझी हातात आलेली जागा गेली आहे.

आम्ही पिंजारी. आजोबा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. बारावीनंतर माझा ओबीसीतून नंबर लागला आणि कॉलेजने जात पडताळणीचे प्रमाणपत्र मागितले. अब्बांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. जुलै महिना, हातात पंधरा दिवस. अब्बा मजुरी बुडवून तीन वेळा तालुक्याला गेले आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतले. जागा गेली. पुढे मी बीएस्सी केले, शिक्षक झालो. सहा वर्षांनी धाकट्या बहिणीची वेळ आली, तेव्हा आम्ही वर्षभर आधीच शोधाला लागलो. शेजारच्या गावातल्या शाळेच्या रजिस्टरात आजोबांच्या धाकट्या भावाची नोंद मिळाली : 'मुसलमान पिंजारी'. आमच्या घरापासून सात किलोमीटरवर तो कागद होता. आम्ही घाईत गेलो होतो आणि चुकीच्या दारात उभे होतो, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे की आपल्या मुलांनी पहिल्या मोठ्या सुट्टीतले पंधरा दिवस कागदपत्रांना द्यावेत. नियम साधा आहे. २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, तर छप्परबंदांसारख्या विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. प्रवेश रांगेत उभा असताना साठ वर्षांपूर्वीचा कागद शोधायचा म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. सरकार कधी मुदतवाढ देते, पण त्या भरवशावर कोणी बसू नये.

सुरुवात घरातूनच करा. दादी असेल, थोरली फुफी असेल, तिच्याजवळ वही घेऊन बसा आणि वंशावळ लिहून काढा. पणजोबांचे नाव, त्यांचे भाऊ, कोण कोणत्या गावी राहिला, कोण किती शिकला. पितृकुळातल्या चुलत्याची, चुलत आजोबाची नोंदही उपयोगी पडते. त्यांच्यापैकी कोणाला आधीच वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर निम्मे काम झाले. मग शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, जुनी खरेदीखते, असे एकेक शोधा. मे महिन्यात शाळा बंद असतात हे ध्यानात ठेवा. तेव्हा मे महिना तहसीलसाठी आणि शाळा उघडल्यावर जूनचे दिवस मुख्याध्यापकांसाठी.

जुने कागद वाचणे हेही एक शिक्षणच आहे. पश्चिम महाराष्ट्रात मोडी लागते. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे तिथली नोंद वाचायला मशिदीतल्या मौलानांना बरोबर न्यावे लागते. नावांचे तर विचारू नका. एकच माणूस एका कागदावर शेख, दुसऱ्यावर पिंजारी, तिसऱ्यावर नुसता 'अमीन वल्द कासम'. हा फरक आत्ता कळला तर प्रतिज्ञापत्र करून सांधता येतो. प्रवेशाच्या आदल्या दिवशी कळला तर रडण्याशिवाय काही उरत नाही.

यावर मला नेहमी दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, इस्लाममध्ये जात नाही, मग जातीचा दाखला कशाला? श्रद्धेत जात नाही हे मलाही मान्य आहे. पण गादी भरणाऱ्याच्या मुलाची फी कमी झाली नाही आणि विणकराच्या घरात पुस्तके आली नाहीत, हेही तितकेच खरे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिमांमधल्या व्यवसायावर ओळखल्या जाणाऱ्या समूहांनाही मागास ठरवता येते हे मान्य केले. मोमीन, अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी हे राज्याच्या यादीत आहेत ते मागासलेपणामुळे. दाखला घेतल्याने कोणाचा ईमान कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्याला वेगळे आरक्षण मिळायला हवे. जरूर मागावे. २०१४ मध्ये पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो रोखला नाही, तरी पुढे त्याचा कायदा झाला नाही. त्या पाच टक्क्यांवर आपण दहा वर्षे भाषणे करतो आहोत. पण ओबीसीच्या एकोणीस टक्क्यांत ज्यांचा वाटा आज आहे, त्यांची मुले कागदाअभावी खुल्या गटात उभी राहतात, त्यावर मोहल्ल्यात एक बैठकही होत नाही.

मुलींच्या बाबतीत तर उशीर करूच नका. जातीचा दाखला वडिलांकडून मिळतो, नवऱ्याकडून नाही. लग्नानंतर सासर दुसऱ्या जिल्ह्यात असले तर माहेरचे कागद गोळा करणे फार जड जाते. दहेजात भांडी देण्याऐवजी वैधता प्रमाणपत्राची फाईल द्या, असे मी आमच्या बहिणींच्या अब्बांना सांगतो. काही जण रागावतात. एक जण पुढच्याच आठवड्यात फाईल घेऊन आले.

आणि ज्यांचे समूह यादीत नाहीत, त्यांनी काय करावे? आपल्या गल्लीतल्या दोन घरांचे कागद शोधून द्यावेत. अर्ज भरता येणारे, साहेबाशी न घाबरता मराठीत बोलू शकणारे पोर ज्या गल्लीत असते, तिथल्या मजुराचा एक खाडा वाचतो. माझ्या अब्बांचे तीन खाडे झाले होते. त्या वेळी असे एखादे पोर आमच्या गल्लीत नव्हते.