सहाव्या वर्षी गुपचूप येणारी पाहुणी

मुलांनो, आज वाचायला बसण्याआधी एक काम करायचं. हात स्वच्छ धुवा, घरातला आरसा घ्या आणि उजेडात उभे राहा. आता तोंड मोठ्ठं उघडा. खालच्या ओळीतल्या अगदी मधल्या दातापासून एका बाजूला मागे मागे मोजत चला. एक, दोन... हे पटाशीचे दात. तीन... हा सुळा. चार, पाच... आणि पाचच्या मागे? आहे का तिथं आणखी एखादी दाढ? जीभ लावून बघा. असली तर तिची नीट ओळख करून घ्या. नसली तरी आजचं पान वाचाच, कारण ती येणारच आहे. तिच्यामुळंच मला एक मोठी चूक कळली. कुणाची? तुमच्या बाईंची!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंड्या म्हणू. बंड्या गणितात हुशार आणि कबड्डीत त्याहून हुशार. पावसाळ्याचे दिवस होते. एकदा बघते तर स्वारी गालाला हात लावून गप्प बसलेली. पाढे म्हणेना, शाळेतली खिचडीही खाईना.

"काय रे, काय झालं?"

"बाई, दाढ ठणकतेय."

मी त्याला तोंड उघडायला लावलं. अगदी मागच्या दाढेवर काळा खड्डा पडला होता. मी काय म्हटलं असेल? "अरे, दुधाची दाढ आहे ती. पडेल आणि नवी येईल. घरी गेलास की लवंग धर." संध्याकाळी त्याची आई न्यायला आली, तेव्हा तिलाही मी हेच सांगितलं. बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर ती माउली निश्चिंत झाली. लवंगेनं ठणका थांबला आणि आम्ही सगळे ती गोष्ट विसरून गेलो.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं. डॉक्टरांनी बंड्याच्या तोंडात बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. "बाई, ही दाढ दुधाची नाही हो. ही पक्की दाढ आहे. कीड पार आत गेलीय." मग त्याला जिल्ह्याच्या गावी नेऊन दाखवलं. पण फार उशीर झाला होता. दाढ काढावी लागली.

चार दिवसांनी बंड्या शाळेत आला. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाला होतात ना, नवी येईल. कधी येईल?"

मला उत्तर देता येईना. कारण तिच्या जागी आता दुसरी दाढ उगवणार नव्हती. शेवटी मी त्याला खरं तेच सांगितलं. "बंड्या, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं." त्या दिवशी मी ठरवलं, की ही गोष्ट भेटेल त्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक आईबाबांना सांगायची.

आता ही चूक होते कशी, ते बघू या. तुम्हांला दुधाचे दात असतात २०. ते साधारण सहाव्या महिन्यापासून यायला लागतात आणि तीन वर्षांचे होईपर्यंत सगळे येतात. सहाव्या-सातव्या वर्षी ते पडायला लागतात. एखादा दात हलायला लागला की घरात केवढा गाजावाजा! तो पडला की कुणी कौलांवर टाकतं, कुणी उंदराच्या बिळात टाकतं. मग त्या जागी नवा दात येतो, हे आपल्याला पाठच झालेलं असतं. 'जुना पडतो, मग नवा येतो.'

पण सहाव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या चार दाढा हा नियम पाळत नाहीत. दोन वर, दोन खाली. त्या कुठलाही दात पाडत नाहीत. दुधाच्या दाढांच्या मागं जी मोकळी हिरडी असते, तिथून त्या हळूच वर येतात. काही पडलं नाही, तर नवं आलं हे कळणार कसं? आई म्हणते दुधाचीच आहे, बाबा म्हणतात दुधाचीच आहे. आणि बाईसुद्धा तेच म्हणतात! खरं तर ही दाढ शंभर टक्के पक्की असते. आली की जन्मभर पुरवायची. चावण्याचं मोठं काम तिच्यावरच असतं. म्हणून एक गोष्ट पाठ करून ठेवा. सहाव्या वर्षी, सहाव्या जागी. मघाशी मोजलंत ना, तसंच!

बरं, ही दाढ लवकर किडते का? तर हो. तिच्या माथ्यावर बारीक खाचा आणि खोलगट भाग असतात. त्यात बिस्किटाचा, चिवड्याचा चुरा अडकून बसतो. शिवाय ती येत असते तेव्हा शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते. आपण ब्रश सरळ पुढं-मागं फिरवतो, तो तिच्या डोक्यावरून निघून जातो. ती बिचारी कोपऱ्यात तशीच राहते.

कीड म्हणजे काय, तेही सांगते. दातात अळी वगैरे काही नसते हं! आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं, की त्यांचीही मेजवानी होते. ते खाऊन ते आम्ल तयार करतात. दाताच्या वरचं कवच, म्हणजे एनॅमल, आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. हाडापेक्षाही कठीण. पण आम्लापुढं त्याचंही चालत नाही. आणि एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. गुडघा खरचटला तर खपली धरून नवी कातडी येते, तसं इथं होत नाही.

विश्वास बसत नसेल तर प्रयोग करा. अंड्याचं टरफल किंवा समुद्रावरून आणलेला एखादा छोटा शिंपला वाटीत ठेवा आणि तो बुडेल इतकं व्हिनेगर ओता. थोड्याच वेळात बुडबुडे यायला लागतील. अंड्याचं टरफल एक-दोन दिवसांत मऊ पडेल. टरफल आणि दात अगदी एकाच पदार्थाचे नसतात, पण आम्लात दोघंही विरघळतात. फक्त दाताला वेळ जास्त लागतो.

आता एक गणित. गोड खाल्लं की तोंडात साधारण अर्धा तास आम्लाचं राज्य असतं. मग लाळ हळूहळू ते धुऊन काढते आणि थोडीशी झीज भरूनही काढते. समजा, तुमच्याकडं पाच लिमलेटच्या गोळ्या आहेत. जेवण झाल्यावर त्या लागोपाठ खाऊन संपवल्या, तर आम्लाची एकच फेरी होईल. पण एक सकाळी, एक मधल्या सुट्टीत, एक शाळा सुटल्यावर, अशा पाच वेळा खाल्ल्या तर? पाच गुणिले तीस, म्हणजे दीडशे मिनिटं! गोळ्या तेवढ्याच, पण दाताला मार पाचपट. म्हणून मी 'गोड खाऊच नका' असं म्हणत नाही. संक्रांतीला तिळगूळ घेतलाच पाहिजे. पण गोड जेवणाच्या वेळी खा, दिवसभर चघळत बसू नका. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा. मधल्या वेळी भूक लागली तर शेंगदाणे, फुटाणे, काकडी, पेरू आहेतच की.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दात दोनदा घासायचे. सकाळी आपण घासतोच, पण रात्री? माझ्या वर्गात मी हात वर करायला सांगितले, तेव्हा सकाळी घासणारे सगळे होते आणि रात्री घासणारे मोजून चार! झोपेत लाळ फार कमी सुटते. तोंड धुणारी मोलकरीण सुट्टीवर जाते म्हणा ना. मग रात्रीच्या जेवणाचे कण आणि जंतू यांना रात्रभर मोकळं रान मिळतं. म्हणून एखाद्या दिवशी एकदाच घासायला जमणार असेल, तर मी म्हणेन रात्री घासा. आणि घासल्यावर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. दूध प्यायचं असेल तर आधी प्या, मग घासा.

घासायचे कसे? मऊ ब्रश घ्या. त्यावर फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढीच लावा. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नको. हिरडी आणि दात जिथं भेटतात तिथं ब्रश तिरका धरून छोटे छोटे गोल फिरवा. दोन मिनिटं. आता आपली पाहुणी! तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घाला आणि फक्त तिच्याच माथ्यावर फिरवा. शेवटी फेस थुंकून टाका. पेस्ट गिळायची नाही. थुंकल्यावर तांब्याभर पाण्यानं गुळण्याही करू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. तेच कवचाला बळ देतं. ब्रशचे केस फिस्कारले की ब्रश बदला, नाहीतर तीन महिन्यांनी बदलाच.

काही घरांत अजून राखुंडी, कोळसा नाहीतर विटेच्या भुकटीनं दात घासतात. त्यानं दात चकचकीत दिसतात खरे, पण कवच घासून जातं. आणि मिश्री? ती तर भाजलेली तंबाखू! तिनं दात बळकट होत नाहीत, व्यसन मात्र लागतं. तंबाखूनं तोंडाचा कर्करोग होतो. आजीची मिश्रीची डबी असेल तर तिला हात लावायचा नाही. आणि आजीलाही जवळ बसून प्रेमानं सांगायचं, "आजी, सोड ना गं."

आता दोन शब्द आईबाबांसाठी.

'दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत' हे वाक्य आपण सोडून देऊ या. दुधाचे दात पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. ते किडून लवकर काढावे लागले, तर मागचे पक्के दात वेडेवाकडे येऊ शकतात. मूल सहा वर्षांचं झालं की महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन त्याची सहावी दाढ बघा. पांढुरका खडूसारखा डाग दिसला किंवा काळी रेघ दिसली, तर दुखण्याची वाट बघू नका. नव्या दाढेच्या खाचा दंतवैद्य एका लेपानं बुजवून देतात. त्याला सुई लागत नाही, दुखतही नाही. लवंगेनं ठणका थांबतो, पण कीड थांबत नाही, हे मी महागात शिकले.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे हात नीट वळत नाहीत. तेव्हा मुलानं घासून झाल्यावर एकदा आपण ब्रश फिरवावा. तीन वर्षांखालच्या मुलांना पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच द्यावी. तान्ह्या मुलाच्या तोंडात दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवू नये. आणि 'मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील' अशी भीती तर मुळीच घालू नये. मग खरंच दुखतं तेव्हा मूल तोंडच उघडत नाही.

खर्चाची काळजी वाटणाऱ्यांसाठी एक माहिती. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' ही योजना २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाली. तिची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन मुलांना तपासतात. त्या तपासणीत दातांची कीडही बघतात आणि पुढचे उपचार मोफत होतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शिवाय मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.

तर मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ. वहीत सात दिवसांचा तक्ता आखा. 'सकाळ' आणि 'रात्र' असे दोन रकाने करा. घासलं की बरोबरची खूण, विसरलं की फुली. खोटी खूण करायची नाही हं! घरातल्या प्रत्येकाचा एक तक्ता करा, बाबांचासुद्धा. आणि धाकटा भाऊ किंवा बहीण पहिलीत असेल, तर तिची सहावी दाढ शोधून आईला दाखवा.

बंड्या आता सहावीत आहे. परवा एसटीच्या थांब्यावर भेटला. मला बघितल्याबरोबर जवळ आला आणि भर रस्त्यात मोठ्ठा 'आ' केला. "बघा बाई, बाकीच्या तिन्ही शाबूत आहेत!" त्याच्या शेजारी त्याची पहिलीतली बहीण उभी होती. तिला म्हणाला, "चल, तूही दाखव." तिनंही 'आ' केला. सहावी दाढ नुकतीच हिरडीतून डोकावत होती. स्वच्छ, पांढरीशुभ्र.

पुढच्या आठवड्यात सांगेन, खेळताना पक्का दात मुळासकट निघाला तर काय करायचं. तोवर रात्रीचा ब्रश विसरू नका.

तुमच्या,
बाई