पोलाद जितकं ताकदवान, तितकी हायड्रोजनची भीती जास्त!

मार्च 2013. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या भागात 96 जाडजूड अँकर रॉड आवळले गेले. दोनेक आठवड्यांत त्यातले 32 तुटले. पुलावरून अजून एकही गाडी गेली नव्हती! रॉड कमकुवत होते का? उलट, ते जास्त ताकदीच्या पोलादाचे होते.

नेमकं काय घडलं?

तपासात कारण निघालं हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा. हायड्रोजनचा अणू अतिशय लहान. गंजताना किंवा प्लेटिंग करताना तो पोलादात शिरतो आणि ताण असेल तिथे गोळा होतो. मग एरवी वाकलं असतं ते पोलाद अचानक तडकतं. पोलाद जितकं कडक, तितका हा धोका मोठा. बे ब्रिजचे रॉड तर आवळण्याआधी पाणी साचलेल्या छिद्रांत उभे होते.

उपाय काय?

हायड्रोजनला आत येऊ द्यायचं, पण फिरू द्यायचं नाही. पोलादात नायोबियम किंवा व्हॅनेडियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण पेरले, की ते हायड्रोजनला पकडून ठेवतात. नायोबियम कार्बाइडच्या कणांपाशी अडकलेला हायड्रोजन सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रत्यक्ष दाखवला. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने वेगळी वाट धरली. पोलादात मँगनीज जास्त असलेली बारीक बेटं तयार केली, तर तडा तिथेच अडतो आणि ताकदही कमी होत नाही.

आपला संबंध काय?

केंद्राने जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला 19,744 कोटी रुपये मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादनाचं लक्ष्य आहे. हा वायू टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह आणि बोल्ट यांच्यातूनच जाणार.

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये आम्ही सळई ओढून तोडायचो आणि ताकदीचा आकडा वहीत लिहायचो. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, हेच डोक्यात बसलं. ती सळई हायड्रोजनमध्ये ठेवून कुणी ओढायला लावली नाही. हायड्रोजन प्रकल्पांच्या टेंडरमध्ये तरी ही सवय मोडायला हवी. पोलाद किती ताण सोसतं, एवढं विचारून भागणार नाही. हायड्रोजन आत शिरल्यावर किती सोसतं, याची चाचणी सक्तीची करा. चाचणीला पैसे लागतील, वेळ लागेल. पण बे ब्रिजचे रॉड निदान पूल रिकामा असताना तुटले. हायड्रोजनने भरलेला पाइप एवढी सवड देईलच असं नाही.